कुत्र्याची सव्वा मूठ

माझे वडील गेले त्यानंतर सुरतेच्या लिंबायतमधल्या आमच्या समाजाच्या वाडीत, म्हणजे कार्यालयात, त्यांची शोकसभा झाली. लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मास्तरकी करणाऱ्या माणसाची शोकसभा कशासाठी, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर सोपं निघालं. दुसऱ्या दिवशी वाडीत कुणाचा तरी साखरपुडा होता, त्याचा मंडप आणि माईक आदल्या दिवशीच येऊन पडला होता. आलेला माईक रिकामा ठेवणं आमच्या माणसांच्या स्वभावात नाही.

बोलायला उभे राहिले ते थोरले काका. आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, ते चुलत मोठे भाऊ, आणि सुरतेतल्या आमच्या सगळ्या भाऊबंदांचे म्होरके. त्यांनी घसा साफ केला, टोपी सारखी केली आणि सांगितलं की असा कुटुंबवत्सल माणूस पुन्हा होणे नाही. मुक्या जनावरांवरही त्याचा फार जीव, असंही म्हणाले. लोकांनी माना हलवल्या. एका बाईने डोळ्यांना पदर लावला. माय माझ्या शेजारी बसली होती. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दोन वरीस बोलना नही हाऊ."

खरं होतं ते. आप्पांनी कुटुंब मोजताना जरा जास्तच वत्सलपणा केला म्हणून हेच काका दोन वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हते. पण माईकवर एवढं सगळं सांगता येत नाही. म्हणून मी इथे सांगते.

आमची एक खोली होती आणि तिला लागून स्वयंपाकापुरता एक कोपरा. त्यात आप्पा, माय, मी आणि माझी धाकटी बहीण असे चौघं राहत होतो. एवढ्या ऐसपैस जागेत एखादं माणूस कमी पडतंय, असं आप्पांना वाटलं असणार. एका संध्याकाळी ते पाळीवरून आले तेव्हा डब्याची पिशवी नेहमीपेक्षा जड होती. शेठने काहीतरी दिलं, अशा आशेने मायने पिशवीत हात घातला आणि किंचाळून बाहेर काढला. आत तपकिरी रंगाचं पिल्लू होतं, एक कान उभा आणि एक पडलेला. खात्यातल्या सुताच्या चिंध्यांवर जन्मलेलं.

"तठे पट्टामा सापडतं ते," आप्पा म्हणाले. म्हणजे लूमच्या पट्ट्यात अडकून मेलं असतं. बस, एवढंच स्पष्टीकरण. रविवारी कुठेतरी सोडून येतो, असं ठरलं. कोणत्या रविवारी ते ठरलं नाही.

आप्पांनी त्याला नाव दिलं नाही, हुद्दा दिला. ते त्याला साहेब म्हणायचे. आम्हा बहिणींना "ए पोरी", मायला "ऐकी ऱ्हायनी का", आणि कुत्र्याला साहेब. घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न असायचा, "साहेब जेवनात का?" साहेब जेवलेले असायचेच. आमच्या आधी जेवायचे. घरात एकच पंखा होता आणि त्याच्या बरोबर खाली साहेबांचं पोतं होतं. उन्हाळ्यात आम्ही चौघं त्या पोत्याच्या कडेकडेने जमेल तसं झोपत होतो. साहेबांना पाय लागला तर ते गुरगुरायचे, आणि मग आप्पा आम्हालाच रागावायचे.

आता हा कुत्रा घराची राखण करत होता असं कुणाला वाटेल. तसं काही नव्हतं. आमच्या दारासमोरून मायचा नवा कुकर भरदिवसा चोरीला गेला तेव्हा साहेब दारातच बसले होते. समोरच्या बाईने सगळं पाहिलं होतं. ती म्हणाली, चोर जाईपर्यंत शेपूट हलत होती. मात्र थोरले काका आले की हा प्राणी असा भुंकायचा की त्यांना बाहेरच्या बाहेर बोलून परत जावं लागायचं. आप्पा याला हुशारी म्हणायचे, पण काका गेल्यावर.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आप्पा म्हणजे नुसते विक्षिप्त होते असं वाटेल. लूमच्या खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाचे कान जातात. आप्पांचे निम्मे गेले होते. त्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलायचे. मीठ मागितलं तरी शेजारच्या घरात कळायचं. फक्त कुत्र्याशी बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. कसा कोण जाणे, पण यायचा. आणि आप्पांच्या मनात काय चाललंय हे आम्हाला त्यामुळेच कळायचं, कारण जे काही सांगायचं ते ते साहेबांना सांगायचे. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा मला म्हणाले, "ठीक शे." मी रागाने आत निघून गेले. थोड्या वेळाने बाहेरून पोत्याजवळून हलका आवाज आला, "साहेब, पोरनी नाव काढं." माझं कौतुक मला असं कुत्र्याच्या मार्फत मिळालं. आनंद झाला, पण त्याहून जास्त राग आला.

प्लेगच्या वेळी अर्धी सुरत गाड्या भरभरून गावाकडे पळाली, त्यात आम्हीही होतो. नंदुरबारकडे जाणारी ती गाडी कशी भरली होती हे सांगून खरं वाटणार नाही. धाकटी माझ्या मांडीवर, मी पत्र्याच्या पेटीवर, माय दोन बायकांच्या मध्ये अडकून उभी. आणि खिडकीजवळच्या जागेवर एक गोणपाटाची पिशवी. पिशवीला हवा लागली पाहिजे, असं आप्पांचं म्हणणं होतं. एका म्हाताऱ्याने ती उचलून खाली ठेवायचा प्रयत्न केला तेव्हा पिशवी त्याच्यावर गुरगुरली आणि अख्ख्या डब्यात प्रवासाची थोडी जागा झाली. तेवढा एक उपकार साहेबांचा मान्य करते.

पण खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे. मी तेरा-चौदा वर्षांची असताना साहेबांना टेम्पोने ठोकलं.

कापडाचे ताके वाहणारे ते तीनचाकी टेम्पो लिंबायतच्या गल्ल्यांतून कुणाचीही पर्वा न करता जातात, तसाच हा गेला. मागचा पाय लोंबायला लागला. आप्पांनी त्याला सायकलच्या कॅरिअरवर बांधलं आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं, आणि पाय धरायला म्हणून मला मागून पळवलं. तिथला डॉक्टर म्हशींना सरावलेला. त्याने मान वर न करताच विचारलं, "दूध केटलुं आपे छे?" आप्पांनी अत्यंत गंभीरपणे सांगितलं, "नथी आपतो, साहेब. कूतरो छे." डॉक्टरने मान वर केली, पायाला पट्टी बांधली आणि म्हणाला, वाचला तर देवाची कृपा.

आप्पांनी ती कृपा मिळवायचं मनावर घेतलं. ते कानबाईला नवस बोलले.

कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ घालून, साडी नेसवून तिला बसवतात, बायका रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी तिला नदीवर पोचवतात. तिच्या नैवेद्याला रोट म्हणतात. रोटाचे गहू मोजायची आमच्या भाऊबंदांत एक रीत आहे. घरात जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ. तान्हा मुलगा असला तरी त्याची सव्वा मूठ. बायकांची नाही. मुलींची तर नाहीच. आम्ही रोट लाटायचे, भाजायचे आणि खायचे, पण मोजणीत आम्ही नाही. शिवाय रोट भाऊबंदांपलीकडे कुणाच्या तोंडी जाता कामा नये. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. खाऊन हात धुतलेलं पाणीसुद्धा इकडे तिकडे न सांडता मातीत पुरायचं. थोडक्यात, आपलं कोण आणि परकं कोण याचा निकाल वर्षातून एकदा गव्हावर लागायचा.

सुरतेत आमच्या सगळ्या भाऊबंदांची कानबाई थोरल्या काकांच्या घरी बसायची. प्रत्येक घराने आपले गहू आणून मधल्या मोठ्या पातेल्यात टाकायचे. मग ते घंटीवर, म्हणजे पिठाच्या गिरणीत, दळायला जायचे. घंटीवाला गुजराती होता, पण त्या दिवशी आमच्यासाठी तो जातं धुऊन पुसून ठेवायचा.

आमच्या घरात पुरुष एकच. त्यामुळे आप्पांचं काम दरवर्षी चटकन व्हायचं. त्या वर्षी ते पातेल्यापाशी बसले, सव्वा मूठ टाकली, आणि पुन्हा पिशवीत हात घालून आणखी सव्वा मूठ टाकली. काकूंच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांनी विचारलं, ही कुणाची. आप्पांनी ऐकू न आल्यासारखं केलं. काकूंनी पुन्हा विचारलं. तेव्हा खात्यात असल्यासारखे ते मोठ्याने म्हणाले, "साहेबनी. नवस व्हता."

भाऊबंदांमध्ये साहेब कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही.

पुढचा तासभर जो वाद झाला तसा कोर्टातसुद्धा होत नसेल. काका म्हणाले, कुत्र्याची मूठ बाहेर काढा. काढायला कुणीतरी हात पुढे केला आणि थबकला. गहू तर मिसळले होते. एक मूठ काढायची, पण ती कुत्र्याचीच निघेल कशावरून? माझ्या पोराची निघाली तर? असं एकाने विचारलं मात्र, आणि सगळ्यांना आपापले पोरगे आठवले. मग पातेल्याला कुणी हात लावेना. सगळे गहू टाकून नवे घ्यावेत, तर ते कानबाईच्या नावाने मोजलेले, टाकायचे कुठे? आणि नवस बोललेला, तो न फेडावा तर देवीचा कोप. तो आप्पांवर होवो, असं एक जण म्हणाला. पण गहू सगळ्यांचे, तेव्हा कोपाची वाटणी कशी होईल याची खात्री कुणालाच देता येईना.

आप्पा एका जागी बसून एकच वाक्य म्हणत होते. "तो घरमा ऱ्हास, घरमा जेवस. मंग घरना नही ते कोना?"

मी दाराशी उभी होते. घरात राहणारी आणि घरात जेवणारी आणखी माणसं मला माहीत होती. मी म्हणाले, "ती मूठ मना नावनी धरा."

मला वाटलं, किती सोपं आहे. गहू पातेल्यातच राहतील आणि कुत्राही निघेल. मग आप्पांच्या वयाचे एक चुलत काका हसत म्हणाले, "कुत्रा निदान गडी ते शे." सगळे हसले. बायकाही हसल्या. मी आप्पांकडे पाहिलं. ज्या माणसाने तासभर कुत्र्यासाठी अख्ख्या भाऊबंदांना तोंड दिलं, तो आता मला एका वाक्याची मदत करील, अशी माझी अपेक्षा होती. आप्पा सतरंजीचा दोरा उपटत बसले होते. त्यांनी तोंड उघडलं नाही.

शेवटी तोडगा काढला काकूंनी. ती मूठ आमच्या घरात पुढे होणाऱ्या मुलाच्या नावाने धरायची. सगळ्यांनी मायकडे पाहिलं. दोन मुलींनंतर मायला मूल होणार नव्हतं हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, पण न होणारा मुलगाही झालेल्या मुलीपेक्षा मोजायला बरा. माय खाली मान घालून पीठ मळायची परात घासत राहिली. घरी आल्यावर आप्पांना म्हणाली, "माले पोऱ्या व्हवाव नही, आन तुमना कुत्रानं बारसं व्हयी गयं." आणि चार दिवस तिने त्यांना ताटात भाकरी वाढली ती आपटूनच.

साहेब वाचले. किंचित लंगडत, पण वाचले. आणि एकदा सुरू झालेली मूठ माणूस मरेपर्यंत बंद करायची नसते, म्हणून पुढे दरवर्षी आप्पा दोन मुठी टाकत राहिले. एक स्वतःची, एक आमच्या भावाची. हा आमचा भाऊ पंख्याखाली झोपायचा आणि पावाची लादी एका बैठकीत संपवायचा. राखीपौर्णिमेला धाकटीने चेष्टेने त्याच्या पंजाला राखी बांधली तेव्हा आप्पांनी ती चेष्टा आहे असं मानलंच नाही. त्यांनी ओवाळणी घातली.

मी मात्र ते सतरंजीचा दोरा उपटणं विसरले नव्हते. कॉलेजात जायला लागले तरी श्रावण आला की माझं डोकं भणभणायचं.

साहेब गेले ते एका उन्हाळ्यात. ताप आला, खाणं सोडलं, आणि आप्पांच्या मांडीवर डोकं ठेवून गेले. आप्पांनी पाळी बुडवली. आमच्या जन्माच्या वेळी त्यांनी पाळी बुडवली नव्हती, हे मायने त्याच दिवशी सांगितलं. रेल्वेलाइनच्या कडेला एक पडीक जागा होती, तिथे आप्पांनी त्याला पुरलं. मी फावडं धरायला बरोबर गेले होते. माती सारखी करून झाल्यावर आप्पा रडायला लागले. रडणंही त्यांचं मोठ्या आवाजात. येणारी जाणारी माणसं थांबून बघायला लागली, कुणाचं लेकरू गेलं म्हणून.

मला तेव्हा त्यांची दया यायला हवी होती. आली ती चीड. मी म्हणाले, "आप्पा, त्यानासाठे घंटाभर भांडनात. मनासाठे तोंड उघडं नही."

आप्पांनी डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं आणि त्यांना सुचलं ते म्हणाले. "तू काय कुत्रा शे का?"

त्यांना काय म्हणायचं होतं ते आता मला कळतं. मुक्या जनावराचं बोलायला दुसरं कोण आहे, तुला तर तोंड आहे, असं काहीसं. पण शब्द बाहेर आले ते हे असे. मी फावडं तिथेच टाकून घरी आले आणि त्यांच्याशी बोलणं बंद केलं. घरात आता त्यांना हळू आवाजात बोलायलाही कुणी उरलं नव्हतं. पंख्याखालची जागा मोकळी झाली होती, पण तिथे कुणी झोपेना. आप्पा पाळीवरून यायचे, जेवायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. त्यांच्या मनात काय चाललंय हे कळायचं एकमेव साधन आम्ही रेल्वेलाइनशी पुरून आलो होतो.

श्रावण आला. थोरल्या काकांनी या वेळी बंदोबस्त केला होता. आप्पांसाठी पातेल्याशेजारी एक वेगळी थाळी ठेवली होती. आधी थाळीत टाकायचं, सगळ्यांना दाखवायचं, मग पातेल्यात. काका हसतमुखाने म्हणाले, आता काय, एकच मूठ. चार वर्षं घशात अडकलेलं हाड निघावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

आप्पा थाळीपाशी बसले. पिशवीतून सव्वा मूठ काढून एका बाजूला ठेवली. "हाई मनी," म्हणाले. मग दुसरी काढली आणि थोडं अंतर सोडून ठेवली. "हाई मोठी पोरनी." मग तिसरी. "हाई धाकलीनी." आणि चौथी. "हाई तेस्नी मायनी."

मी भिंतीला टेकून उभी होते.

आप्पा काही शूर माणूस नव्हते. खेड्यातून सुरतेला आले तेव्हा काकांनीच त्यांना खात्यात चिकटवलं होतं, आमची खोली काकांच्या ओळखीने मिळाली होती, आणि आम्हा दोघी बहिणींची लग्नं ठरायची तर याच खोलीत बसलेल्या माणसांच्या शब्दाने ठरणार होती. हे सगळं आप्पांना माहीत होतं. त्यांच्या कपाळावरून घाम गहू ठेवलेल्या थाळीत पडेल की काय, असं वाटत होतं. यावेळी नवसाची सबबही नव्हती.

थोरले काका शांतपणे म्हणाले, "एक ऱ्हाऊ दे. बाकी उचल."

आप्पा थाळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मंग बठ्याच उचलस."

त्यांनी खांद्यावरचा रुमाल पसरला, चारही मुठी त्यात ओतल्या, गाठ मारली आणि बाहेर पडले. आम्ही तिघी मागोमाग. गडबडीत चपला तिथेच राहिल्या, आणि आणायला परत जाणं शक्य नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी नव्या घेतल्या.

घरी आल्यावर मायने आमच्या कुटुंबप्रमुखाची जी पूजा बांधली ती कानबाईच्या आधी. तिला कुणी विचारलं होतं, तिचं नाव कशाला टाकलं, आता एकटीने रोट करायचे, गाणी म्हणायला बायका आणायच्या कुठून. सगळं खरं होतं. तिने रागारागाने नारळाला नथ घातली, रागारागाने रोट भाजले आणि एकटीने गाणी म्हणायला बसली. आप्पांनी साथीला टाळ्या धरल्या. त्यांना ताल नावाची गोष्ट ऐकूच येत नव्हती. शेजारच्या घरातले बौद्ध बाबा बघायला आले, त्यांना वाटलं आमच्याकडे मारामारी चालली आहे. त्यांना मायने चहा दिला. रोट देता येत नव्हता, याचं तिला वाईट वाटलेलं मी पाहिलं.

आम्ही चौघं रोट खायला बसलो. खाणं संपलं तेव्हा आप्पा माझ्याकडे वळले आणि त्यांनी मला विचारलं, "रोट गोड लागना का?"

आवाज खाली आलेला होता. तो आवाज मी दहा पावलांवरून चोरून ऐकत आले होते, माझ्याशी बोलताना तो पहिल्यांदाच आला. मला हो म्हणायचं होतं, पण रडू फुटलं, म्हणून नुसती मान हलवली. आप्पांना वाटलं रोट बिघडला. त्यांनी मायला तसं मोठ्याने सांगितलं आणि तिने पुन्हा नव्याने सुरुवात केली.

हात धुतलेलं पाणी मातीत पुरायचं होतं. आमच्या चाळीत माती नव्हती, सगळं सिमेंट. आप्पा पाण्याचं भांडं आणि उरलेले तुकडे घेऊन बाहेर गेले ते बऱ्याच वेळाने आले. त्यांच्या हाताला रेल्वेलाइनकडची काळी माती होती. परक्याच्या तोंडी रोट जाऊ नये हा नियम त्यांनी पाळला होता, त्यांच्या समजुतीप्रमाणे.

भाऊबंदांनी आमच्याशी येणं-जाणं बंद केलं. माझ्यासाठी स्थळं येणंही त्यामुळे थांबलं, आणि हा त्या बहिष्काराचा निव्वळ फायदा. मी सुरतेजवळच्या इच्छापोरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला लागले. आप्पांनी पुन्हा कुत्रा आणला नाही. ते माझ्याशी आणि धाकटीशी हळू आवाजात बोलायला शिकत होते. रोज नाही, कधी कधी. मायशी मात्र शेवटपर्यंत ओरडूनच बोलले, पण ती म्हणायची, मला तसंच ऐकू येतं.

ते खात्यातच गेले. चालू लूमपाशी छातीला हात लावून खाली बसले. कारागिरांनी ओरडून सगळ्या लूम बंद करायला लावल्या. मी पोचले तेव्हा त्या जागी मी कधी ऐकली नव्हती अशी शांतता होती.

मग भाऊबंद आले, सगळे. खांदा दिला, रडले, शोकसभा घेतली.

वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्या श्रावणात थोरले काका आमच्या घरी आले. आता भुंकायला कुणी नव्हतं, तेव्हा आत येऊन खाटेवर बसले. चहा घेतला. झालं गेलं विसरा, म्हणाले. मन त्यांचं चांगलंच होतं, हे कबूल करायला मला आजही जड जातं. ते मायला म्हणाले, यंदापासून आमच्याकडेच या. गहू आणायचा त्रास नको, आता तुमच्याकडे पुरुष माणूस राहिला नाही. नुसतं येऊन जेवा. बायका तुझ्या गाण्याची आठवण काढतात.

माय स्वयंपाकाच्या कोपऱ्यात भिंतीआड उभी होती. थोरल्या दिराशी ती इतकी वर्षं अशी आडूनच बोलत आली होती. तिला तिथे परत जायचं होतं, हे मला माहीत होतं. बायकांच्या घोळक्यात बसून गाणी म्हणायला ती आसुसली होती, आणि ते वेगळं होणं तिने कधी मागितलंच नव्हतं. ती आत चहाचं भांडं घासत राहिली. ती हो म्हणणार, आणि आप्पांनी थाळीत मांडलेलं सगळं एका कपभर चहात संपणार, असं मला वाटलं.

काकांना वाटलं, तिला समजलं नाही. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "आते तुमना घरमा मूठ कोनी?"

माय भिंतीआडून बाहेर आली आणि त्यांच्या समोर, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आम्ही तीन जनी शेतस ना," ती म्हणाली. "मोजी ल्या."

धाकटी कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आली आणि आमच्या शेजारी उभी राहिली.